वळणापर्यंत वाजणारी घुंगरं

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. चाळीसगावात माझं पार्लर आहे. खुर्चीत बसलं की बायका काय वाट्टेल ते सांगतात... कुणाच्या अंगात येतं, कुणाच्या सासूला मेलेली जाऊ दिसते. मी दोरा ओढत 'हो का?' म्हणते आणि मनातल्या मनात हसते. एकीला तर तोंडावर म्हटलं होतं, "ताई, आधी बीपी तपासून घ्या." ती परत फिरकली नाही. तर अशी मी. आणि आज मीच हे लिहायला बसलेय. तुम्हाला हसायचं असेल तर हसा, मी रागावणार नाही.

माझं माहेर जळगावजवळच्या असोद्याचं. केळीचा मळा, गावात घर, घराला लागून गोठा. अंगणातून एक बोळ निघते, ती सरळ हातपंपापर्यंत जाते आणि तिथे डावीकडे वळून शेताच्या रस्त्याला लागते. हे हातपंपाचं वळण लक्षात ठेवा, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

घरात माणसं दोनच. माय, आणि माझा धाकटा भाऊ गोपाल. वडील लवकर गेले. गोपालचं लग्न झालं नाही. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी कोण देतो हल्ली? बघण्याचे कार्यक्रम झाले, पोहे खाऊन झाले, मग त्यानेच हात जोडले. म्हणाला, "ताई, आता पोह्याचा वास आला तरी पोटात दुखतं माझ्या."

आमचा शेवटचा बैल गेला त्यानंतर वर्षभरात गोपालने ती गाडी आणली. चार जाड टायरांची, दुचाकीसारखं हँडल असलेली... एटीव्ही म्हणतात तिला. बंद पडलेल्या कुठल्याशा ॲग्रो टुरिझमवाल्याकडून जुनी घेतली होती. तिथे पर्यटक बसून चिखल उडवायचे. गोपालने तिला मागे छोटी ट्रॉली लावली आणि केळीचे घड मळ्यातून रस्त्यापर्यंत आणायला सुरुवात केली. मजुरांच्या मानेवरचं ओझं गेलं. गाडी लाल होती म्हणून नाव ठेवलं लाल्या, आणि उभी कुठे करायची तर रिकाम्या गोठ्यात, बैलाच्या जागेवर.

गाडीच्या बाबतीत तो इतका काटेकोर होता की आम्ही त्याला छळायचो. शेतात जायला हेल्मेट, बूट, हातमोजे! गावातली पोरं म्हणायची, "निघाला नवरदेव." मी म्हणायचे, "अरे, केळीत कुठला हवालदार उभा असतो?" तो हसायचा आणि हेल्मेटचा पट्टा अजून घट्ट करायचा. टायरांत हवा कमी ठेवायची असते, म्हणून त्याचं वेगळं मीटर होतं. ते आणि नट आवळायचे पाने ठेवायला गाडीच्या मागे एक डबा होता. त्याच्या झाकणाचा खटका इतका कडक की उघडताना 'खाट्' असा आवाज व्हायचा.

आणि रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, एक गोष्ट तो न चुकता करायचा. ह्या गाडीचा थ्रॉटल, म्हणजे वेगाची कळ, अंगठ्याने दाबायचा असतो. सोडला की तो आपोआप मागे यायला हवा. अडकून राहिला तर गाडी सुटलीच म्हणायची. म्हणून हँडल सरळ ठेवून दाबायचा, सोडायचा — टक्. हँडल पूर्ण डावीकडे — टक्. पूर्ण उजवीकडे — टक्. तिन्ही आवाज नीट आले तरच किल्ली फिरवायची. माय चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि तिसऱ्या टक् ला चहा गाळायची. त्यांचं ते ठरूनच गेलं होतं.

मायला एकदा त्या गाडीवर बसायचं होतं फार. मळ्यापर्यंत तरी ने, म्हणायची. तो काही केल्या ऐकायचा नाही. "व माय, हे गाडी एकाचीच असते. मागे दुसरं माणूस बसलं की उलटते." मग माय फुगून बसायची आणि तो तिला मोटरसायकलवर न्यायचा. पण लाल्यावर कधीच नाही.

मग तो पोळा आला.

घरात बैल नव्हता, पण पोळा नाही असं मायला चालण्यासारखं नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिने लाल्याच्या हँडलला हळद आणि लोणी लावलं, बैलाचे खांदे मळतात तसं. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," असं त्या गाडीला सांगितलं! गोपालने नंतर ते सगळं फडक्याने पुसून काढलं, हात घसरू नये म्हणून. पोळ्याला गाडी बाहेर काढली नाही, बैलाला जुंपत नाहीत तशी. पुरणपोळीचा घास टायरापुढे ठेवला. आणि मग मायने जुन्या बैलाची घुंगरमाळ आणली... चामड्याच्या पट्ट्यावर पितळी घुंगरं. ती तिने हँडलला बांधली.

"हँडलले काही बांधू नको, माय. थ्रॉटलमधी अडकते ते," गोपाल म्हणाला.

"घुंगरं नही तं पोळा कसाचा? आठ दिस तरी राहू दे. माह्या हातानं बांधली मी," माय म्हणाली.

हे मला त्यानेच रात्री फोनवर सांगितलं. हसत होता. "ऐकत नाही गं ती. तिच्यापुढे सोडली तर रडंल. बघतो सकाळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी टक्, टक्, टक् झालं. मायने चहा गाळला. तो चहा प्यायला आणि निघाला. घुंगरं वाजत गेली, हातपंपापर्यंत तिला ऐकू आली, मग बंद झाली. वळणापलीकडे आवाज येत नसेल, असं तिला वाटलं.

पाटाच्या कडेने मळ्याकडे जाताना गाडी उलटली. पावसाने पाटाचा भराव आतून पोखरला होता, एका बाजूचं चाक खाली गेलं. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. डोक्याला खरचटलंही नव्हतं. पण गाडी छातीवर आली.

मला इथे जास्त लिहिता येत नाही. माझा भाऊ होता तो. मी त्याला कडेवर घेऊन हिंडले होते.

भराव खचलेला सगळ्यांनी पाहिला. पंचनाम्यातही तेच आलं. पण गाडी उचलणाऱ्यांपैकी कुणीतरी अंगणात बोलून गेला, "हँडलमधी काही अडकलं असंन, नही तं गोपालभाऊ असा पडणारा नव्हता." मायने ते ऐकलं. त्या क्षणापासून तिने एकच धरलं... माळ मी बांधली. माह्या हातानं बांधली. पोरगं नको म्हणत व्हतं.

मी परोपरीने सांगितलं. "माय, तो तशी गाडी चालवणाराच नव्हता. त्याने सोडली असेल." ती म्हणायची, "मंग माळ कुठी हाये? मी वाजतांना ऐकली ना!" खरंच, माळ कुठे मिळत नव्हती. गोठ्यातली खुंटी पाहिली, घर पाहिलं, पाटाची कड पाहिली. लोक म्हणाले पाण्यात गेली असेल. गाडी गोठ्यात आणून ताडपत्रीखाली ठेवली होती. तिला हात लावायची कुणाची इच्छा नव्हती, माझी तर नव्हतीच.

मायने जेवण टाकलं. म्हणजे ताट घ्यायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. उजव्या हाताकडे बघत बसायची. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, असं चाललं तर फार दिवस काढणार नाहीत. चाळीसगावला चल म्हटलं तर यायची नाही. का, तर म्हणे, "गोपाल रोज सकाळी येतो. मी नसली तं चहा कोन देईन?"

मी मनात म्हटलं, झालं. भाऊ गेला, आता आईचं डोकंही चाललं. पार्लर बंद ठेवलं आणि तिला उचलून आणायचंच ठरवून असोद्याला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी चुलीपाशी होतो. चांगलं उजाडलं होतं, समोरच्या घरात भांडी वाजत होती. मायने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता ऐक."

टक्.

मग थोडं थांबून — टक्. पुन्हा — टक्.

गोठ्यातून. मी उठणार होते, तेवढ्यात घुंगरं वाजली. गोठ्याच्या दारातून बाहेर आली, आमच्या पुढून अंगणातून गेली, बोळीला लागली. दिसत काहीच नव्हतं. उन्हात रिकामं अंगण आणि त्यात आवाज चाललाय! आवाज हातपंपापर्यंत गेला आणि थांबला.

माय चहा गाळत होती. "रोज तठीच थांबते," ती म्हणाली. "तठून पुढे तो मेला ना, म्हनून."

मी गोठ्यात गेले. ताडपत्री जशीच्या तशी, तिच्यावर कोंबड्यांनी केलेली घाणसुद्धा तशीच वाळलेली. खाली गाडी. हँडल उजवीकडे वळलेलं होतं. आदल्या दिवशी ते सरळ होतं का? मला वाटतं, होतं. पण शपथ घ्यायला सांगाल तर घेणार नाही. घुंगरं मात्र मी ऐकली. ह्यावर शपथ घेते.

त्या दिवशी मी घाबरले, आणि मग चिडले. स्वतःवर, मायवर, गोपालवरही. म्हटलं, यायचं तर समोर ये ना, आईला असं तिळतिळ का मारतोस?

पुढच्या सकाळी मी आधीच जाऊन हातपंपाशी उभी राहिले. तिथे शेजारची एक काकू पाणी भरत होती. तिला काहीच ऐकू आलं नाही, हे नंतर विचारून घेतलं. मला ऐकू आलं. घुंगरं बोळीतून माझ्याकडे येत गेली आणि अगदी माझ्यासमोर, हात पुढे केला असता तर लागतील इतक्या अंतरावर, थांबली. एकदम बंद नाही झाली. कुणीतरी मुठीत धरल्यासारखी हळूहळू दबली. आणि मग आवाज आला — खाट्.

तो आवाज मी ओळखला. मागच्या डब्याचा खटका!

मी धावतच घरी आले. ताडपत्री ओढून फेकली. खटका चिखलाने बसला होता, नखं तुटली माझी, पण निघाला. आत पाने, हवेचं मीटर आणि गोपालचा निळा रुमाल, गाठोडं बांधलेला. उचलला तर जड लागला.

मायने गाठ सोडली. माळ होती. पट्टा कुठेही तुटलेला नाही, ओढलेला नाही. पोळ्याची हळद अजून चिकटलेली. घुंगरं वाजू नयेत म्हणून त्याने रुमालाचे पदर आतून नीट गुंडाळले होते.

वळणावर सोडली होती त्याने. मायच्या डोळ्यांदेखत नाही, तिच्या कानाला ऐकू येत होती तिथपर्यंत वाजवत नेली, आणि मग थांबून, सोडून, डब्यात ठेवून पुढे गेला. घरी येताना पुन्हा वळणावर बांधणार असेल. तिला कळलंही नसतं.

माय त्या माळेवरून हात फिरवत राहिली. "सोडली व्हती त्यानं," ती म्हणाली. "मी बांधलेली गाठ सोडली व्हती." आणि ती रडली. गोपाल गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, शेजारीपाजारी गोळा होतील अशी रडली. दुपारी तिने भाकरी मागून घेतली आणि ताट रिकामं केलं. मी देवाचे, गोपालचे, सगळ्यांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन बसली. मीही बसले. समोरच्या घरातली भांडी वाजून झाली. ऊन अंगणात आलं.

काहीच वाजलं नाही. चहावर साय धरली.

"संगीता," ती मला म्हणाली, "आपण तो डबा उघडाले नको व्हता व."

गोळी देऊन बरी होण्यासारखी ती गोष्ट नव्हती. दोष गेला, पण पोरगंही गेलं, ह्या वेळी खरोखरचं.

मी पुष्कळ विचार केलाय. टक् टक् चं एकवेळ समजू शकते... पत्रा तापतो, उंदीर असतात, दोघी एकाच दुःखातल्या बायका. पण घुंगरांचं काय? ती तर रुमालात बांधून, चिखलाने बसलेल्या डब्यात बंद होती. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही. मला स्वतःला आजपर्यंत काही सुचलेलं नाही.

माय चाळीसगावला आली नाही. गाडीही विकू दिली नाही. जेवते, शेजारणींत बसते. मी रोज सकाळी फोन करते. फोनमध्ये मला ऐकू येतं — टक्. मग बराच वेळ जातो, कारण ते हँडल तिला दोन्ही हातांनी ओढावं लागतं — टक्. आणि पुन्हा — टक्. ह्या आवाजाचं कारण मला माहीत आहे.

परवा मी म्हटलं, "माय, उभ्याने ओढतेस, पाठ धरेल. शेजारच्या कुणाला तरी हाक मार."

"उभी कुठी, वर बसलीये मी," ती म्हणाली. "एकटीच बसलीये. तो म्हने ना, हे गाडी एकाचीच असते."