डाव्या हातातला पेढा

मी डावखुरी आहो. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला की आत्या हातावर चापट मारे. आता माही चाळिशी आली, ती आमच्याच घरी राहते, तरी तिचं "उजवा हात वापर वो" सुरूच आहे.

महिनाभरापासून मी जठारपेठेतल्या क्लासात गिटार शिकून राहिली. आज सरांनी साही तारा एकदम वाजवायचा 'G' कॉर्ड शिकवला. डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबायच्या अन् उजव्या हातानं छेडायच्या. बाकी सगळ्यांची बोटं घसरत होती, तारा बद्द वाजत होत्या. माह्या साही तारा खणखणीत वाजल्या.

सर म्हणाले, "ताई, डावा हात एवढा मजबूत कसा?"

"मार खाऊन झाला," म्या सांगतलं.

येता येता पेढे आणले. आत्यासमोर एक पेढा डाव्या हातानं धरला.

"उजव्या हातानं दे."

"उजव्यानं आज काही कमावलं नाही, आत्या. ज्या हातानं कमावलं, त्याच हातातून घे."

तिनं तोंड फिरवलं. मीही हात मागं घेतला नाही.

ही पोस्ट उजव्या हातानं टाइप करून राहिली, कारण पेढा अजून डाव्या हातातच आहे. सांगा, आधी कोण थकन?