जीवरामभाऊंचा पूर्वपक्ष

आमचे हे, म्हणजे गावाचे जीवरामभाऊ, चोपड्याजवळचे केळीवाले. पन्नाशी उलटल्यावर यांना प्राचीन तत्त्वज्ञानात एम.ए. करायची हुक्की आली. लोकांना गुडघेदुखी लागते, यांना सांख्य आणि न्याय लागले! एस.टी.नं अमळनेरच्या कॉलेजात जातात, पोरांशेजारी बसतात आणि घरी येऊन जेवता जेवता मला आत्मा समजावतात.

मीही म्हटलं, माझं बी.ए. लग्नापायी अर्धं राहिलंय, मलाही पुरं करू द्या. तर म्हणाले, "आता या वयात कशाला? घर कोण बघेल?" या वयात! मी यांच्याहून लहान आहे हो! असा संताप आला, की आठवडाभर भाजीत तिखट जरा सढळच पडलं.

मग यांचं सेमिनार आलं. सर म्हणाले, जुन्या पंडितांसारखं मांडा. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. 'हो, हेच माझं म्हणणं,' असं तो कबूल करेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. आता आली का पंचाईत! यांनी जन्मात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. केळीचा व्यापारी बांधावर तोंड उघडतो, तोच हे उत्तर देऊन मोकळे.

"सरावाला माझंच म्हणणं घ्या," मी म्हटलं.

खाटेवर मांडी घालून बसले. "कुंदाला घरी कंटाळा येतो."

"नाही."

"कुंदाला माझी बरोबरी करायचीय."

"मुळीच नाही!"

चिडले, अंगणात चकरा मारून आले. मग हळू आवाजात बोलायला लागले. "लग्न झालं तेव्हा कुंदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घरचं सगळं काम पुढं करून माझे वडील, आबा, तिला म्हणाले, 'बठ्ठा काम पडेल शे, परीक्षा मंग देजो.' मी तिथंच उभा होतो, बोललो नाही. ते 'मंग' कधी आलंच नाही. आता तिच्या हातचा डबा घेऊन मी कॉलेजात जातो आणि तिलाच विचारतो, घर कोण बघेल."

मी म्हटलं, "हो, हेच माझं म्हणणं. द्या आता उत्तर."

यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "उत्तर नाही गं माझ्याकडे."

"मग पंडित काय करायचे अशा वेळी?"

"हरलेला जिंकणाऱ्याचा शिष्य व्हायचा."

"मग उठा, शिष्य! पीठ मळायला घ्या. मी चोपड्याला प्रवेशाची चौकशी करून येते."