एका वजनाचे दोन भाऊ

आमचे हे सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि घरात बोलायचेच बंद झाले. चहा दिला की प्यायचे, ताट वाढलं की जेवायचे, काही विचारलं की "हं" म्हणायचे. त्या "हं"चा मला वीट आला होता. एके सकाळी ते आपणहून म्हणाले, "एखादी छोटी बोट घ्यावी म्हणतो. गळ टाकून बसेन कुठेतरी." आमच्या घरात मासे खात नाहीत. तरी मी म्हटलं, घ्या. मला ना बोट हवी होती ना मासे. मला बोलणारा नवरा परत हवा होता.

बोट शोधताना ते बोलू लागले, पण फक्त बोटीविषयी. फायबरची एक जुनी बोट स्वस्तात मिळत होती, पण मालकाने तिच्यात माती भरून कोथिंबीर लावली होती आणि कोथिंबीर निघेपर्यंत थांबा म्हणत होता. मग द्राक्षांच्या फवारणीचे रिकामे ड्रम बांधून तराफा करायचं ठरलं. त्या ड्रमांच्या वासाने मासे गळापर्यंत यायच्या आधीच मरतील, हे मलाच सांगावं लागलं. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, मी ऑनलाइन बघतो." पण यांना धीर कुठला.

शेवटी यांना निफाडच्या आमच्या शेतावरची काहील आठवली. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, दोन माणसं पाय पसरून बसतील एवढी. शेताच्या वाटण्या झाल्या तेव्हा सगळं वाटलं गेलं, हीच तेवढी कापता येईना. म्हणून ती बांधावर पालथी टाकली, अर्धी आमच्या बाजूला, अर्धी माझ्या धाकट्या दिरांच्या. पुढे विहिरीच्या मोटारीची पाळी कुणाची यावरून दोघा भावांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. लहानपणी एका गळावर बसणारे हे दोघे. आता लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तरी मीठ माझ्यामार्फत मागतात.

"काहील फुकट आहे," हे म्हणाले.

"अर्धी फुकट आहे. उरलेल्या अर्धीचं विचारायला कोण जाणार?"

"तू."

मी गेले. दीर म्हणाले, "त्यांना सांगा वहिनी, घेऊन जा म्हनावं. पन माझी अर्धी बुडवू नका."

ट्रॅक्टरही त्यांचाच होता, त्यामुळे काहील गावच्या पाझर तलावावर तेच घेऊन आले. यांच्या कमरेत मी ट्रॅक्टरची ट्यूब अडकवली आणि देवाचं नाव घेतलं. हे मधोमध बसले तर वल्हं पाण्याला पोचेना. कडेला सरकले की काहील कलंडायची. मग समोरच्या बाजूला वजन म्हणून कांद्याचं पोतं ठेवलं, ते कमी पडलं म्हणून आणखी एक. काठापासून जेमतेम सुटले असतील, काहील गर्रकन फिरली, पोत्यांची तोंडं सुटली आणि सगळे कांदे यांच्याकडे घरंगळत आले. क्षणात हे कंबरभर पाण्यात उभे आणि भोवती कांदे तरंगताहेत. मला हसावं की रडावं कळेना.

दीर काठावरून शांतपणे बघत होते. म्हणाले, "वहिनी, त्यांना सांगा, कांदा सरकतोय. तिथं मानूस पायजे, त्यांच्याच वजनाचा."

तसा माणूस तिथे एकच होता. आडव्या हाडाचे दोघे भाऊ अगदी सारखे.

हे पाण्यातून मला म्हणाले, "त्याला सांग, बसायचं तर बस."

बसले. समोरासमोर, पायाला पाय लागतील इतके जवळ. आणि बोलणं मात्र माझ्यामार्फत. मी काठावर.

"वहिनी, त्यांना सांगा, भिंतीकडं वल्हवा!"

"अहो, भिंतीकडे वल्हवा म्हणतात!" मी ओरडले.

तोवर काहील फिरलेली. तलावाची भिंत यांच्या पाठीशी गेलेली.

"त्याला सांग, भिंत कुठाय ते आधी ठरव!"

माझ्या आरडाओरड्याने पलीकडे म्हशी धुणारा एक माणूस धावत आला. "कोन बुडलं, ताई?"

"कुणी नाही. दोघं भाऊ बोलताहेत," मी म्हटलं. तो बिचारा म्हशींकडे परत गेला.

माझा घसा बसला आणि डोकंही फिरलं. "मी काय तुमचा टेलिफोन आहे? काय सांगायचंय ते एकमेकांना सांगा!" असं म्हणून मी तलावाकडे पाठ केली आणि डबा उघडला.

माझी अर्धी पोळी खाऊन झाली. मग यांच्या गळाला काहीतरी लागलं असावं, कारण एकदम दिरांचा आवाज आला, "दादा, हालू नको!"

इतक्या वर्षांनी दादा. माझा घास हातातच राहिला. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघे पुन्हा माझ्याशी बोलायला लागले असते.

"मग तू मागे सरक!"

"सरकलो की!"

"मोटारीच्या वेळीही असंच म्हणाला होतास!"

झालं. मोटार निघाली, विहीर निघाली, वाटण्या निघाल्या. एरवी दोघांपैकी एक जण तरातरा निघून जायचा. इथे ती सोय नव्हती. जो उठेल तो दुसऱ्याला घेऊन बुडणार. त्यामुळे ते भांडण पहिल्यांदाच शेवटपर्यंत झालं. मासा कधीच सुटला होता. आणि त्या दिवशी पाळी नक्की कुणाची होती, हे दोघांनाही धड आठवेना.

"वहिनी, डबा संपवला काय?" दिरांनी हाक मारली. मी आधी डोळे पुसले, मग डबा वर करून दाखवला.

आता हे दर रविवारी निफाडला जातात. मासा अजून एकही लागलेला नाही. घरी आले की इतकं बोलतात की कधीकधी मला तो "हं" आठवतो. मध्यंतरी मुलाने पाठवलेली हवा भरायची बोट आली. यांनी खोक्यावरचं चित्र निरखून बघितलं आणि म्हणाले, "परत पाठव. हिच्यात एकटाच बसतो."

गेल्या महिन्यात दिरांच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. त्या दिवसापासून यांनी भात सोडला.

"तुम्हाला काय झालंय?" मी विचारलं.

"मला काही नाही," ताट सरकवत हे म्हणाले. "त्याची बाजू हलकी होईल ना."