अक्काच्या भाकरीला नावं ठेवणारा

कर्नाटकातल्या भालकीला माझी थोरली बहीण कडक भाकऱ्या करून विकते. आधी हा उद्योग गल्लीपुरताच होता. कुणाचा मुलगा शिकायला बाहेरगावी निघाला, विहारात काही कार्यक्रम असला, की लोक येऊन सांगून जायचे आणि अक्का ज्वारीचं पीठ मळायला बसायची. पापडासारखी पातळ भाकरी, वर तीळ. तव्यावरून उतरली की चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची, मग ती अशी खणखणीत वाळते की कितीही दिवस राहते. सोबत शेंगाची चटणी. जाहिरात म्हणाल तर खिडकीतून गल्लीत जाणारा वास, बस्स.

मग अक्काची लेक, माझी भाची, हैदराबादला नोकरीला लागली. लोकांच्या वस्तू फोनवरून खपतील असं बघायचं, हेच तिचं काम. सुट्टीला आली आणि आईला चुलीपुढं बसलेली बघून म्हणाली, "आई, तुझ्या भाकरीचं पेज काढू."

"पेज?" अक्का म्हणाली. "पेज कामून? कोण आजारी हाय?"

तर ते पेज निघालं. मी मराठीची मास्तरीण, निवृत्त होऊन अक्काच्या मागच्याच गल्लीत राहते, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. भाचीनं जाताना बजावलं, रोज एक व्हिडिओ, सकाळच्या उजेडात, आणि सुरुवातीलाच बघणारा थांबला पाहिजे.

"थांबला पाहिजे म्हणजे?"

"लोक बोटानं सरकवत पुढं जातात गं. त्यांनी तुझ्यापाशी थांबलं पाहिजे."

"मग हाक मारते की," अक्का म्हणाली. आणि पहिल्याच व्हिडिओत फोनकडं रोखून बघत तिनं हाक मारली, "ओ दादा, ओ ताई, कुठं पळायलाव? बसा जरा!"

लोक खरंच थांबले. अक्का एक वाक्य मराठीत बोलायची, दुसरं कन्नडमध्ये, आणि आग्रह करायचा झाला की "खाको देखो" म्हणायची. पुण्याच्या एकानं विचारलं, ही कुठली भाषा? हुबळीच्या एकीनं लिहिलं, नुसतं कन्नडच बोला. दोघांनाही अक्काचं उत्तर एकच. "आमच्या बाजारात चालती ती."

व्हिडिओखाली काही लिहिणाऱ्या प्रत्येक माणसाला उत्तर द्यायचंच, असा तिचा हट्ट होता. दारात आलेल्याला बोलल्याशिवाय कसं पाठवायचं? ती पीठ मळता मळता सांगायची, मी लिहायची. कुणी लाल बदामाची खूण टाकली की ती काळजीत पडायची.

"ह्यानं नुसतं काळीज पाठवलंय. बोलला कामून न्हाई? विचार, बरा हाय का."

कुणी 'किंमत?' एवढंच विचारलं, तर उत्तर जायचं, "किंमत सांगते. आधी सांगा, तुम्ही कुठल्या गावचे? घरी कोण कोण असतं? दातं घट्ट हायेत का?" भाकरी कडक, तेव्हा शेवटचा प्रश्न रास्तच होता. मी 'दातं'चं 'दात' केलं, 'हायेत'चं 'आहेत' केलं. लगेच भाचीचा फोन आला. "मावशी, शुद्ध करू नको. आई बोलते तसंच लिही." जन्मभर ज्या चुकांखाली मी लाल रेघ ओढली, त्या स्वतःच्या बोटानं लिहायला लागले. पहिले काही दिवस हात अडायचा. नंतर मजा वाटायला लागली.

मागणी वाढत गेली. मदतीला गल्लीतल्या दोन बायका यायला लागल्या, मागच्या दारी आणखी एक चूल मांडली. पुण्याला गेलेला पहिला खोका फुटला, आणि मागवणाऱ्या बाईंनी चुऱ्याचा फोटोच टाकला. भाकरी मागवली होती, हे काय आलंय? अक्कानं सांगितलं, "लिही, ताई, चुकलं. दुसऱ्या पाठवायलेय. तवर त्या चुऱ्यात कांदा, तेल आणि चटणी घालून खावा." पुढच्या खेपेला त्या बाईंनी भाकरीसोबत चुराही मागवला. भाची खुश. "आई, ह्याला आमच्यात नवीन प्रॉडक्ट म्हणतात!"

"आमच्यात फुटलं म्हणतात," अक्का म्हणाली.

आता दाजींबद्दल सांगते. अक्काचे मालक एसटीत कंडक्टर होते. भालकी ते उदगीर ह्या रस्त्यावर त्यांना न ओळखणारा माणूस नव्हता. निवृत्तीनंतर ओसरीवरच्या खुर्चीत बसून ते पेपर वाचायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचा नमस्कार घ्यायचे. खोके आले, तसे ते आधी खुर्चीच्या भोवती रचले गेले, मग खुर्चीवर. दाजी पायरीवर बसायला लागले. एकदा बाजारात कुणी पोरगेल्या माणसानं त्यांना विचारलं, "तुम्ही भाकरीवाल्या अक्कांचे मिस्टर ना?" घरी येऊन दाजींनी हे सांगितलं. आम्ही दोघी हसलो. ते हसले नाहीत, हे नंतर माझ्या ध्यानात आलं.

त्याच सुमारास पेजवर एक नवा माणूस उगवला. नाव 'सत्य बोलणारा', फोटोच्या जागी डोंगर. पहिल्यांदा त्यानं लिहिलं, "भाकरी दिसण्यास बरी. परंतु दिसण्यावर जाऊ नये." मग, "चटणीत लसूण जास्त झाला आहे." मग, "मागील खेपेस तीळ कमी होते."

अक्काला ते फार लागलं. तिनं आपल्या रीतीनं विचारून बघितलं, "दादा, तुम्ही कुठल्या गावचे?" उत्तर नाही. भाची फोनवर म्हणाली, "आई, ट्रोल असेल. काढून टाक त्याला."

"ट्रोल म्हणजे?"

"मुद्दाम त्रास देणारा."

"मग गावातलाच असंल," अक्का म्हणाली. पण काढून टाकू दिलं नाही. दारात आलेल्याला हाकलायचं नाही म्हणजे नाही.

एका सकाळी आम्ही स्वयंपाकघरात होतो. फोन वाजला. 'सत्य बोलणारा'नं लिहिलं होतं, "मागील दारच्या चुलीवरील भाकरी एका अंगास करपते, कारण वारा तिकडून येतो. हे व्हिडिओत दाखवत नाहीत."

"परत वाच," अक्का म्हणाली.

मी परत वाचलं. मागच्या दारची चूल आम्ही कधीच कुणाला दाखवली नव्हती. तिथं उजेड नव्हता. अक्कानं पिठाचे हात तसेच धरून मान वळवली. मीही बघितलं. ओसरीच्या पायरीवर, खोक्यांच्या आडोशाला, दाजी चष्मा नाकावर ओढून, फोन तोंडाजवळ धरून एका बोटानं काहीतरी टिपत होते. पूर्वी तिकिटाला छिद्र पाडताना जसा ओठ दुमडायचे, तसा दुमडलेला.

"आणखी लिहायलेत," अक्का हळूच म्हणाली.

माझ्या हातातला फोन वाजला. "तसेच चटणीस मीठ थोडे कमी."

मी उठलेच होते. अक्कानं पिठाच्या हातानं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. चेहरा गंभीर, पण पोट हलत होतं. "लिही," ती म्हणाली. "दादा, तुमचं खरं हाय. ती चूल उद्या हलवते. तुमच्यावाणी जाणकार माणूस आम्हाला पाहिजेच होता. चहा ठेवलाय, या."

मी पाठवलं. ओसरीवरून खोकला ऐकू आला. मग दाजी आत आले आणि छताकडं बघत म्हणाले, "चहा ठेवलाय व्हय?"

"कुणी सांगितलं?"

"वास आला."

"अजून ठेवलाच न्हाई," अक्का म्हणाली.

मला हसू आवरेना. दाजी पाटावर बसले आणि कान चोळत राहिले. अक्कानं खरोखरच चहाचं आधण ठेवलं. जरा वेळानं तिनं विचारलं, "लसूण खरंच जास्त झाला होता?"

"व्हय."

"मग घरात कामून बोलला न्हाईत?"

"घरात कोण ऐकायलंय?" दाजी म्हणाले. "तुम्ही दोघी फोनातल्या माणसांचंच ऐकायलाव. म्हणलं, आपणबी फोनात जाऊन सांगावं."

फोनातल्या अनोळखी माणसाला दात घट्ट आहेत का म्हणून विचारणारी अक्का, पायरीवर बसलेल्या माणसाला काय विचारावं ह्याचा विचार करत चहाकडं बघत राहिली. चहा उतू गेला. मग कप त्यांच्या हातात देत तिनं एवढंच विचारलं, "चटणीत मीठ किती घालू?"

दुसऱ्या दिवशी तिनं दाजींना फोनपुढं बसवलं. हातात भाकरी दिली. "खावा आणि खरं सांगा. माझं तोंड बघून सांगू नका." दाजींनी भाकरी कानाजवळ नेऊन मोडली. आवाज ऐकला. चावली. एसटीत एखाद्याच्या संशयास्पद पासाकडं बघायचे तसं चटणीकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "भाकरी चांगली हाय. चटणी कालच्यापेक्षा बरी. तीळ अजून हात आखडूनच घातलेत."

तो व्हिडिओ जितका चालला तितकं आमचं काहीच चाललं नव्हतं. लोक लिहायला लागले, काका खोटं बोलायचे नाहीत. मागणीत अटी यायला लागल्या, काकांनी पास केलेली खेप पाठवा. भाची म्हणाली, "मावशी, अशी विश्वासाची माणसं मिळावीत म्हणून मोठमोठ्या कंपन्या नट्यांच्या मागं पळतात. आपल्याला पायरीवर मिळाली." दाजींनी आपलं ते डोंगराचं खातं बंद केलं. खोके आतल्या खोलीत गेले.

बातमी बाजारात पसरायला वेळ लागला नाही. एका साडीच्या दुकानदारानं स्वतः घरी येऊन विनंती केली, "अण्णा, आमच्या मालालाबी एकदा नावं ठेवून जावा की. गिऱ्हाईक येईल." दाजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले, मला सोबत घेऊन. दुकानदारानं फोन धरला. दाजींनी एक लाल साडी उलगडली, पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून पदरावर घासलं, आणि ते बोट फोनपुढं धरलं. बोट लाल.

"रंग जातो," दाजी म्हणाले. "बाकी दुकान चांगलं हाय. पंखा हाय, चहा पाजतात."

तो व्हिडिओ कधीच आला नाही. दाजी रोज सकाळी मला विचारायचे, "दिसला का?" शेवटी अक्काच म्हणाली, "कसा दिसंल? आपल्याला चटणीत मीठ वाढवता येतं. त्यांनी काय सगळ्या साड्या धुवून बसावं?"

दाजींना हे पटलं नाही. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "मग बोलावलं कामून?"