माझ्या घरचं पानी

आमच्यात लेकीच्या घरचं बाप खात न्हाई. तिला मूल झालं की मंग खातो, तवर पानी सुदिक न्हाई. पन आमच्या आप्पांनी त्यात आपलं आनखी येक घातलं. मला पैली पोरगी झाली तवा बारशाला माझ्या सासरी कोपरगावला आले, दारातच हुबे ऱ्हायले, आन् माझ्या सासूला म्हनले, "पोरगं हु द्या इहीनबाई, मंग बसतो ताटावर." समद्यांच्या म्होरं म्हनले. सासू हसली, बायका बी हसल्या. मी पाळन्याची दोरी धरली हुती ती तशीच धरून ऱ्हायले.

दुसरी बी पोरगीच झाली. त्या बाळंतपनात रक्त थांबना, बाटल्यावर बाटल्या चढवल्या, आन् डॉक्टरीन बाई माझ्या नवऱ्याला म्हनली की आता पुन्यांदा हिला ह्यात घालू नका, जीव जाईल. नवऱ्यानं मान हलवली. पन घरात चालतं सासूचं, आन् सासूचं येकच बोलनं, "अगं, तुजा सख्खा बाप आपल्या दारात घोटभर पानी घेत न्हाई, भावकी तोंडात शेन घालती. येक पोरगं हु दे, म्हातारा येऊन जेवून जाईल, सुटलीस तू." म्हंजी आप्पांच्या त्या येका शब्दापायी मी मरायला जायचं. कुनी नुसतं 'तिसरं' म्हनलं तरी माझ्या हातातलं भांडं सुटायचं.

आन् आई. आई बी त्यांच्याच शब्दात. मला रक्त चढत हुतं तवा ती कॉटपाशी बसून ऱ्हायली आन् घरनं आनलेल्या निळ्या बाटलीतलं पानी पेत ऱ्हायली. माझ्या घरनं आलेला च्या बी नको म्हनली. "त्यांला कळलं तर?" म्हनली. गेल्या साली ती वारली, माझ्या हातचा येक घास न खाता. बाटली तेवढी माझ्याकडं ऱ्हायली. तिचं झाकन गळतं, तरी मी टाकली न्हाई. तवाच मनात धरलं, आप्पांना माझ्या घरचं खायला घालनार. गोडीनं न्हाई तर कसं बी.

माझी मैत्रीन शेजारीच ऱ्हाती. ब्लाऊज शिवती, नवऱ्याचं घर सोडून आलेली, सोताची स्कुटी हाय, कुनाला भीत न्हाई. तिला सांगितलं तर डोळे मोठ्ठे करून म्हनली, "इख घालतीस का काय म्हाताऱ्याला?"

"न्हाई गं. शेंगोळे."

शेंगोळे म्हंजी हुलग्याचं पीठ लसूनमिरचीत मळायचं, हातावर वळून कडी करायची आन् उकळत्या रश्श्यात सोडायची. आप्पांचा जीव त्याच्यावर. आता दात न्हाईत, ते मऊ लागत्यात. पन वहिनी करून घालत न्हाई, तिच्या माहेरी हुलगा घोड्याला घालत्यात म्हनं. मी पहाटंच उठून केले, मिरची दुप्पट घातली, भाकरी थापल्या आन् समदं मैत्रिनीच्या डब्यात भरलं. ती म्हननार की तिच्या घरचं हाय. निळ्या बाटलीत मात्र माझ्या नळाचं पानी.

धाकटी पोटाशी बांधली, थोरली स्कुटीवर म्होरं हुबी केली, आन् निघालो माझ्या माहेरी, पुणतांब्याला. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. म्या म्हनलं, चल माघारी जाऊ. तिनं स्कुटी कडंला घेतली ती पेरूवालीपाशी. पेरू कापून तिखटमीठ लावून माझ्या हातात दिला. "खा. भ्यायला बी ताकद लागती," म्हनली. आतनं गुलाबी पेरू हुता, गोड. खाल्ला. मंग आनखी येक खाल्ला.

भाऊ-वहिनी कांदा काढायला गेल्ते. मधल्या दाराला कुलूप. म्हातारा गुळाच्या डब्यात हात घालतो म्हनून वहिनी कुलूप लावून जाती, आन् आप्पा पडवीत खाटंवर, उशाला तांब्या. ज्यांच्या नुसत्या खाकरन्यानं आमी चुलीमागं जायचो ते येवडुसे झाल्ते. तरी मला बघून म्हनले, "हीच का दुसरी?" हात म्होरं केला न्हाई. माझे पाय गार पडले, आठवीतनं शाळंतून वढून आनलं तवा पडल्ते तसेच.

मैत्रीन खाटंपाशी बसली. "आप्पा, मी हिची शेजारीन. शेंगोळे आनलेत, माझ्या घरचे."

"हिनं हात न्हाई ना लावला?"

"हिला कुठं येतंय! हिला इचारा, मीठ कुठल्या डब्यात हाय ते तरी ठावं हाय का."

आप्पा हसले. बोळक्या तोंडानं लई दिसांनी हसले असतील. ताटलीत भाकरी कुस्करून वरनं रस्सा वतला, आन् आमी बी त्यांच्याबरुबर बसलो. खोटं कशाला सांगू, येवढी भ्याले हुते तरी पैल्या घासाला माझी मला चव कळली. लसून कसा उतरला हुता! मैत्रीन बोटं चाटत हुती. आप्पांच्या कपाळाला घाम, नाकाला पानी, तरी ताटली म्होरं करत्यात.

"ह्याला म्हनत्यात शेंगोळे," ते मैत्रिनीला म्हनले. "हिला बी शिकवा जरा. नुसत्या पोरी करती."

तवा माझी भीती कुठं गेली ठाऊक न्हाई. मी उठले, उशाचा तांब्या घेतला आन् आंगनातल्या तुळशीला समदा वतला. तेवढंच पुन्य.

जरा येळानं त्यांला उचकी लागली. येक, मंग येकामागं येक. तांब्या चाचपला, रिकामा. "पानी," म्हनले.

मी पिशवीतनं निळी बाटली काढली. "आप्पा, शेंगोळे माझ्या घरचे हायेत. मीच वळलेत. आन् ह्ये पानी माझ्या नळाचं हाय. घेता?"

मैत्रिनीचा घास तोंडातच ऱ्हायला. आप्पा माझ्याकडं बघत्यात, उचकी देत्यात, बघत्यात. "दार... उघड," म्हनले.

"कुलूप हाय. तुमच्या सूनबाईला इचारा."

"शेजारनं आन."

मैत्रीन उठाया लागली. म्या म्हनलं, "बस गं खाली."

त्यांनी उठायला बघितलं, गुडघं काय उचललं न्हाई. डोळे लाल झाले. म्हनलं आता ह्यो म्हातारा मेला तर मलाच फासावर देतील. झाकनातनं पानी गळत हुतं, पन हात म्होरं गेला न्हाई. शेवटी त्यांनी हात पसरला. मी थोरलीला म्होरं केली. "हिचं नाव घ्या, मंग देते."

त्यांला नाव ठावंच नव्हतं. पाच वर्साची हाय माझी पोरगी.

मीच सांगितलं. उचकीत त्या नावाचे तुकडे झाले, पन घेतलं. मंग धाकटीचं सांगितलं, ते बी घेतलं. मंग बाटली दिली. घटाघटा पेले, हनुवटीवरनं बंडीवर सांडलं. आईची बाटली वळखली का न्हाई ते काय त्यांच्या तोंडावर दिसलं न्हाई.

उचकी थांबायच्या आत मी सासूला फोन लावला, स्पीकरवर टाकला आन् त्यांच्या तोंडाशी धरला. "सांगा काय खाल्लं ते."

"इहीनबाई," आप्पा म्हनले, "म्या... तुमच्या घरचं जेवलो. पानी बी पेलो."

"आवो, पन पोरगं कुठं झालंय अजून?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी बघतच ऱ्हायले, डोळे काढले न्हाईत. डॉक्टरीन बाई काय म्हनली ते आईनं त्यांला तवाच सांगितलं हुतं. "ऱ्हाऊ द्या आता पोरगं," ते म्हनले. "म्या जेवलो. माजा शब्द फिटला. तिला पुन्यांदा त्यात घालू नगा."

मंग सासू "बरं" म्हनली आन् फोन ठेवला. त्या येका 'बरं'साठी मी दोन वर्सं मरत हुते.

"फसवलंस मला," आप्पा म्हनले.

"व्हय."

"तुज्या आईनं असं कवा केलं नसतं."

"न्हाई केलं. म्हनून तर ती तशीच गेली."

मी ताटल्या गोळा केल्या, पोरीला उचललं. डब्यात निम्मे शेंगोळे शिल्लक हुते. आप्पांची नजर डब्यावर. जरा येळ इकडंतिकडं बघितलं आन् हळूच म्हनले, "तेवढं ठेव की. सांच्याला हुतील."

मी झाकन दाबून लावलं. "खायचं आसंल तर कोपरगावला या. ताट वाढते."

वाटंत मैत्रीन म्हनली, "वाडगंभर ठेवायचं हुतंस गं."

"न्हाई."

त्याच पेरूवालीच्या झाडाखाली स्कुटी लावली आन् राहिलेले शेंगोळे आमी तितंच खाल्ले. थोरलीला निळ्या बाटलीच्या पान्यात धुऊन धुऊन दिले, तरी ती हाय-हाय करत आनखी मागत हुती. गार झाल्ते, रस्सा थिजला हुता. तरी लई चांगले लागले.