भावाला पेशी देताना

वहिनीचा फोन आला तेव्हाच माझे कान टवकारले. नावडे गावातल्या वडिलोपार्जित प्लॉटवरचा हक्क सोडायला मी नकार दिला, तेव्हापासून मोठ्या भावाचं घर मला बंद होतं. आता त्याचा रक्ताचा कॅन्सर केमोनंतर उलटला होता आणि डॉक्टरांना म्हणे माझ्याच पेशी हव्या होत्या.

माझ्याच का? धाकटा भाऊ सगळ्यांचा लाडका, त्याचं रक्त दादाशी तंतोतंत जुळलं होतं. माझं अर्धंच. एरवी नावडतीचं मीठ अळणी, मग आज एकदम गोड कसं लागलं?

हॉस्पिटलात गेल्या गेल्या डॉक्टरीणबाईंना मी तोंडावर विचारलं.

"रक्तातल्या एनके, म्हणजे 'नॅचरल किलर' पेशी शरीरात पहारा देतात," त्या म्हणाल्या. "समोरच्या पेशीवर ओळखीची खूण दिसली की सोडून देतात, नाही दिसली तर मारतात. धाकट्या भावाच्या पेशी दादांच्या कॅन्सरलाही घरचाच समजतील. तुमच्या कदाचित नाही समजणार."

"गुण येईलच?"

"ट्रायल आहे. आशा आहे, खात्री नाही."

खात्री दिली असती तर मी उठूनच गेले असते. पण मग कागद पुढे आले. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्यापासून आमच्या गावात सहीला सगळे भितात. मी एकेक पान उलटून मध्ये कुठे हक्कसोडपत्र घुसवलंय का ते पाहिलं, टाचणीसुद्धा काढली.

"ताई, त्यात काय नाय वो," वहिनी म्हणाली आणि रडायला लागली. मला ते रडणंही खरं वाटेना. शेवटी संमतीपत्रच निघालं. मी सही केली.

सुया टोचायच्या आधी दादाला भेटले. मास्कच्या वर नुसते डोळे उरले होते. डॉक्टरीणबाई बाहेर जाताच त्याने विचारलं,

"तुज्या पेशी माज्यावर राग नाय ना काढनार?"

आम्ही एकाच आईची, हे तेव्हा पटलं. मी त्याच्या कागदांवर संशय घेत होते, तो माझ्या रक्तावर. हा माणूस जाईल, या विचाराने मी त्याच्या पलंगाला खेटून बसले.

"राग माज्याजवल हाय," मी म्हटलं. "पेशींना त्यातला काय माहीत नाय."

त्याने डोळे मिटले. झोपला असं वाटलं, तेवढ्यात हळूच म्हणाला, "मंग ती प्लॉटची सही?"

"पैला जग, मेल्या," मी म्हटलं आणि त्याचा हात घट्ट धरला.