सासूला पाठवलेला फोटो

दुबईत अल नहदाहून जुमेरा लेक टॉवर्सला जाताना माझ्या ऑफिसातले एक नायजेरियन मुलगा आणि मुलगी माझ्या गाडीत असायचे. त्यांचं एकमेकांशी लग्न ठरत आलं होतं. फक्त गावी असलेल्या त्याच्या आईचा होकार यायचा होता. काळ्या रंगाची लाज बाळगू नये, यावर तो इतकं छान बोलायचा की मलाही पटायचं.

त्या सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना त्याने आईला तिचा फोटो पाठवला. लगेच आलेलं उत्तर त्याने खुशीत वाचून दाखवलं, "मुलगी उजळ आहे. घेऊन ये."

"उजळ?" ती मागच्या सीटवरून म्हणाली. "दाखव फोटो."

त्याने रंग उजळवणाऱ्या फिल्टरचा आकडा शंभरातल्या साठवर नेला होता.

"एकदा हो तर म्हणू दे आईला."

"आणि विमानातून उतरणार कोण? ही का मी?"

"तोवर क्रीम लाव. सर, तुमच्याकडेही लावतात ना?"

"लावतात," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

तिने तिथेच स्वतःचा साधा फोटो काढला आणि आपल्या फोनवरून, त्याचं नाव लिहून, त्याच्या आईला पाठवला. उत्तर व्हॉइस मेसेजने आलं, मोडक्या इंग्रजीत. तिने ते मोठ्याने लावलं.

"तू कोण गं? माझ्या मुलाकडे कामाला आहेस का? त्याला म्हणावं, सुनेचा आणखी एक फोटो पाठव."

त्याने हसू आवरायचा प्रयत्न केला, पण तो हसलाच.

"सर, मेट्रोपाशी थांबवा," ती म्हणाली.

मी गाडी थांबवली. ती उतरली. तो सीटबेल्टला हातही न लावता माझ्या शेजारी बसून राहिला.